चुकारा आला का?

"ऐकलं का बाई, चौकापलीकडल्या पोराचं लगन पुढं गेलं."

कुंपणावरून काकूंचा आवाज आला तेव्हा मी पोपटाच्या शेंगा सोलत बसले होते. नागभीडला शेजार म्हणजे बांबूचं कुंपण. ते शेळ्या अडवायला फारसं उपयोगी पडत नाही, कोपर टेकायला मात्र फार सोयीचं. मी विचारलं, "काय झालं? पत्रिका जुळली नाही का?"

"पत्रिका जुळली, पोट्टी पसंत, मंडपवाल्याले इसारही देऊन झाला. चुकारा नाई आला."

आता यावर पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. चुकारा म्हणजे सरकारी खरेदी केंद्रावर मोजून दिलेल्या धानाचे पैसे. धान गेलं डिसेंबरात, आता माघ चालू आहे, आणि पोराचा बाप रोज बँकेत जाऊन पासबुकात एंट्री मारून येतो.

"मुलीकडचे चिडले असतील हो."

"कायले चिडतील? त्यांचाही नाई आला."

दिवाळी ते होळी आमच्या भागातली कुठलीही गप्प उकरा, तळाशी धान निघतं. चंद्रपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग, वरोरा-राजुऱ्याकडचा, कापूस-सोयाबीनवाला. इकडे पूर्वेला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतले वडसा, आरमोरी, कुरखेडा हा सगळा बांध्यांचा, म्हणजे धानाच्या खाचरांचा, मुलूख. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, कागदपत्रं वेगळी झाली. रोवणी, करपा आणि चुकारा यांना ते कोणी सांगितलं नाही. कापूसवाले आले की पेपरात 'नगदी पीक घेणारे शेतकरी' म्हणून छापतात. आम्ही नुसतेच धानवाले. हे मी काकूंना एकदा बोलून दाखवलं होतं, तर त्या म्हणाल्या, "नगदी कसं म्हनाल? नगद येतेच कुठं? उधारी पीक म्हना."

काकूंचं तीन एकर वावर आहे, तळोधीच्या रस्त्याला. काकाजी आणि मुलगा कसतात, काकू हिशेब ठेवतात. म्हणजे मनात ठेवतात आणि कुंपणावर मांडतात.

"केंद्रावर धान द्याचं म्हनजे काय सोपं आहे?" त्या सुरू झाल्या. "सातबारा ऑनलाइन पायजे. ई-पीक पाहनी पायजे. मोबाइलवर धानाचा फोटो काढा म्हनतात. जिथं धान आहे तिथं रेंज नाई, जिथं रेंज आहे तिथं धान नाई. मंग अंगठा. पन्नास वर्सं रोवना रोवून माझ्या अंगठ्यावर रेघच नाई रायली, मशीन ओळखत नाई मले. मी तिथं उभी, जित्ती, आन मशीन म्हनते ही बाई नाई."

त्यानंतर ओलावा. सतरा टक्क्यांच्या वर ओल असली तर धान परत. मग ते केंद्रासमोरच्या पटांगणात पसरायचं, रात्री राखायचं, ढग दिसला की ताडपत्री धरून पळायचं. ते वाळलं की बारदाना संपलेला असतो. बारदाना आला की गोदाम भरलेलं असतं. चाळीस किलोच्या कट्ट्यात किती किलो जातात यावर तर आमच्याकडे पारावर रोज एक सभा भरते. मी त्यात पडत नाही.

भाव मात्र ठरलेला असतो, हे कबूल करायला हवं. 2025-26 च्या खरिपात साध्या धानाला क्विंटलला 2369 रुपये, 'अ' दर्जाला 2389. वीस रुपयांचा फरक!

"बारीक धान पिकवाले जीव जाते," काकू म्हणाल्या, "ते ठोकऱ्यापक्षा एकरी दोन-तीन क्विंटल कमी उतरते, करपा त्यालेच पहिले धरते, लोळते तेच. आन सरकार म्हनते, घे वीस रुपये, च्या पी."

यामुळे घडतं काय, तर केंद्रावर जातं 1010 आणि तसलंच भरघोस उतरणारं ठोकर, म्हणजे जाडं, धान, आणि बारीक धान, म्हणजे एचएमटी, जय श्रीराम, घरी खायला आणि व्यापाऱ्याला. म्हणजे ज्या मालाला शहरात गिऱ्हाईक आहे त्याला हमीभावाचा फारसा आधार नाही. ज्याला आधार आहे तो रेशनच्या पोत्यात जातो. शेतकऱ्यानं एकरी जास्त पिकवावं म्हणून सगळे मागे लागतात, पण काय पिकवलं तर कोण घेणार हे त्याच्याशी बसून कोणी बोलत नाही. माझं हे मत काकूंना पटतं, पण त्या म्हणतात की मी ते फार लांबवून सांगते.

"आन बोनस?" मी विचारलं.

"तो तर नोंदनीचा आहे. म्हनून नोंदनीले सारं गाव लाइनीत."

बोनसचीही एक गंमत आहे. आधी तो क्विंटलवर मिळायचा. 2020-21 ला क्विंटलमागे 700 रुपये होता. मग काय, ज्यांच्या वावरात कुसळही उगवत नाही त्यांच्या सातबाऱ्यावर पोती दिसायला लागली, आणि पलीकडच्या राज्यातल्या धानाला आमच्या बारदान्यात आसरा मिळाल्याच्या बातम्या यायला लागल्या. नंतर हिशेब हेक्टरवर गेला. 2022-23 ला हेक्टरी 15,000, पुढे 20,000, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. म्हणजे एकरी साधारण आठ हजार. काकूंच्या तीन एकरांना चोवीसेक हजार. लहान शेतकऱ्याला हे बरं पडलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. फक्त तो कधी येणार हे पंचांगात छापत नाहीत.

इतक्यात मागच्या कुंपणाशी गिरणीवाल्या वैनी आल्या. त्यांच्या घरची राइस मिल आहे, म्हणून गल्लीत त्यांच्याशी सगळे जरा जपून बोलतात आणि पाठ फिरली की मोकळं बोलतात. वैनींना हे ठाऊक आहे.

"चालू द्या, चालू द्या," त्या म्हणाल्या. "आमच्यावर आलात का अजून?"

"येतच होतो," काकू म्हणाल्या. "धान आमचं, कोंडा तुमचा, कनी तुमची, तांदळाचा भावही तुमचा."

"आणि तुकडा कोणाचा?" वैनींनी कमरेला पदर खोचला. "सरकारी भरडाईत क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यावा लागतो. तुम्ही धान कापून बांधीत कडपा कडक उन्हात टाकून ठेवता. एक दिवस, दोन दिवस, मजूर मिळेपर्यंत आठ दिवस. दिवसा ऊन, रात्री दव. दाण्याला आतून चीर जाते. वरून टरफल छान, आत दोन तुकडे. गिरणीत घातला की कणीच कणी. ते 67 आम्ही कुठून भरतो हे आमच्या मीटरला विचारा."

काकू गप्प बसल्या. हे मी फार वेळा पाहिलेलं नाही.

वैनी म्हणाल्या ते खरं आहे, आणि धानाला नगदी पीक करायचं तर गोष्ट इथूनच सुरू होते, खताच्या गोणीपासून नाही. धान आणि तांदूळ यांच्यामधल्या वाटेवर जे घडतं त्यातच सगळी कमाई आहे. आम्ही तिघींनी मग कुंपणावर हिशेब मांडला. कागद म्हणून माझ्या शाळेतली उत्तरपत्रिका होती, तिची मागची बाजू कोरी निघाली. समजा ठोकर धान एकरी पंधरा क्विंटल झालं. 2369 नं 35,535 रुपये. समजा एचएमटी बारा क्विंटल झालं आणि मळणी झाल्या झाल्या व्यापाऱ्यानं तीन हजारानं नेलं. 36,000. म्हणजे एवढा जीव काढून साडेचारशे रुपये वर. आता तेच बारा क्विंटल नेलं गिरणीत, आणि फुटतूट धरून क्विंटलला साठ किलो अख्खा तांदूळ पडला, तर 720 किलो. किलोला साठ रुपये मिळाले तर 43,200. त्यातून भरडाई, पोती, गाडीभाडं वजा. कणी-कोंडा पदरात पडला तर तो वेगळा.

"म्हनजे सात हजार सुटले," काकू म्हणाल्या.

"सुटले नाही. भरडाई वजा व्हायचीय, आणि विकले गेले तर," वैनी म्हणाल्या. "720 किलो तांदूळ घेऊन बसणार कुठं? आणि कीड लागली की?"

प्रश्न बरोबर होता. जुना तांदूळ मोकळा शिजतो, म्हणून त्याला भाव असतो. चार-सहा महिने थांबलेला दाणा दसऱ्याला जास्त पैसे आणतो. पण थांबायला आधी पोट भरलेलं लागतं. कृषी केंद्रवाल्याची उधारी दिवाळीला उभी राहते. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत, नाही तर नाही. धान विकणारा मार्चकडे पाहून विकतो, तांदूळ विकणारा दसऱ्याकडे. दोघांच्या वावरातलं बियाणं एकच असेल, पण एकाला थांबता येतं आणि एकाला येत नाही, एवढ्यावर कोणाच्या घरावर स्लॅब पडतो आणि कोणाच्या घरावर कवेलूच राहतात ते ठरतं.

आता एचएमटीचं नाव निघालं आणि काकूंच्या माहेराचा विषय निघाला नाही असं होत नाही. त्यांचं माहेर तळोधीचं. "ते नाव आमच्या बाजारात ठेवलं बरं का," हे त्या इतक्या अभिमानानं सांगतात की जणू बारशाला त्याच आत्या म्हणून उभ्या होत्या.

गोष्ट अशी. आपल्याच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, बाहेरचे पत्रकार हमखास घोटाळा करतात. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली त्यांच्या बांधीत पटेल-3 जातीचं धान उभं होतं. त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, रंगानं पिवळसर, दाण्याला बारीक. दुसरा कोणी असता तर विळ्याखाली घालून मोकळा झाला असता. यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढल्या साली वावराच्या मधोमध पेरल्या, डुकरांनी उधळू नये म्हणून भोवती काट्या लावल्या. पुढल्या साली पुन्हा, त्याच्या पुढल्या साली पुन्हा. दाणा टिकला, भात चवीला उतरला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं ते बियाणं नेऊन पेरलं आणि 1990 च्या सुमाराला माल तळोधीच्या बाजारात आला. व्यापाऱ्यानं विचारलं, जात कोणती? नावच नव्हतं. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे थाट. नाव पडलं एचएमटी.

"घड्याळ बंद पडलं, तांदूळ चालू आहे," वैनी म्हणाल्या. (हे त्या दर वेळी म्हणतात, आम्ही दर वेळी हसतो.)

पुढे 1994 ला सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं, आणि 1998 ला अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही-एचएमटी नावानं वाण आणला. विद्यापीठाचं म्हणणं, शुद्धीकरण आमचं. दादाजींचं म्हणणं, मूळ बियाणं माझं. शुद्धीकरण ही खरी मेहनत असते, ती मी नाकारत नाही. पण पोराला आंघोळ घातली म्हणून कोणी त्याला स्वतःचं आडनाव लावत नाही. दादाजी तिथं थांबलेही नाहीत. नांदेड-92, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, दीपक रत्न, आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचं डीआरके, असे एकेक वाण काढत गेले. 2005 ला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हातून मिळाला. 2010 ला 'फोर्ब्ज' मासिकानं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. राज्य सरकारनं दिलेलं सोन्याचं पदक मात्र तपासलं तर अस्सल सोन्याचं निघालं नाही, आणि ती बातमी पुरस्कारापेक्षा जास्त वाचली गेली. 3 जून 2018 ला गडचिरोलीत, डॉ. बंग दाम्पत्याच्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले. पक्षाघात झाला होता, उपचाराला पैशांची ओढाताण होती.

"त्या बुढ्यानं पोत्यामागं एक रुपया घेतला असता नं," काकू म्हणाल्या.

एक रुपयाही कोणत्या कायद्यानं घेणार? बियाण्यावर शेतकऱ्याचा हक्क मान्य करणारा कायदा संसदेत झाला 2001 ला. तोवर एचएमटी कुठल्या कुठे पोचलं होतं. त्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायला, पेरायला, देवघेव करायला, विकायलाही मुभा आहे. कंपनीसारखा छाप मारून विकायचं नाही इतकंच. आमच्या गावोगावच्या बाया अजूनही कोठीतलं बियाणं पायलीनं देतात, पुढल्या साली सव्वापट घेतात. ही बँक रिझर्व्ह बँकेपेक्षा जुनी आहे आणि तिथं अंगठा लागत नाही.

"तुमच्या भाचसुनेचं काय झालं?" वैनींनी काकूंना छेडलं. हा विषय काकू टाळत होत्या, म्हणूनच काढला.

झालं होतं असं. काकूंच्या भाचसुनेच्या गावातल्या बचत गटानं ठरवलं की धान विकायचं नाही, तांदूळ करून विकायचा. छोटी गिरणी आणली, पिशव्या छापल्या, पिशवीवर वाघ. वाघ का, तर चंद्रपूर म्हटलं की लोकांना ताडोबाच आठवतो. पहिल्याच खेपेला निम्मी कणी निघाली. धान अंगणात सिमेंटवर सात दिवस तापवलं होतं. जितकं वाळवू तितकं चांगलं, असं वाटलं त्यांना. खरं तर भरडायचं धान हळूहळू, शक्य तर सावलीत वाळवायचं आणि ओल चौदाच्या आसपास आली की थांबायचं. गावभर हसं झालं. पिशवीवर वाघ, आत उंदराला खाऊ, असं कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी आमच्या दोन कुंपणांच्या आतलंच होतं, एवढं सांगून मी थांबते.

"मंग काय केलं सांगू का?" काकू आता हट्टाला पेटल्या. "ते कनीचं पीठ केलं, तांदळाचे पापड-कुरुड्या केल्या न् नागपूरले धाडल्या. पैसे फिटले. आन दुसऱ्या खेपेले माझ्या पोरालेच बोलावलं वाळवाले."

काकूंचा पोरगा हा आणखी एक विषय. तो रोवणी दोरीवर करतो. चारसूत्री म्हणून एक पद्धत कृषी खात्यानं पसरवली आहे, ती त्यानं धरली. पऱ्ह्यात, म्हणजे रोपवाटिकेत, धानाच्या तुसाची राख टाकायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीच्या वेळी बांधीत गाडायचा. दोरी धरून पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर, एका चुडाला दोन-तीनच रोपं लावायची. आणि युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये चिखलात खोचायची, म्हणजे खत पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या बांधीत जात नाही.

"खत आपल्या बांधीत राहते हे मले पटलं," काकू म्हणाल्या. "पन बाया? गुत्त्यानं रोवना करतात त्या. एकर संपवला की पैसे. त्यांच्या पुढं दोरी धरली त म्हनाल्या, भाऊ, तुझ्या दोरीनं आमी रोवू, मजुरी मीटरनं दे."

मुलगा हसला नाही, त्यानं दर वाढवून दिला. दोरीची रोवणी सावकाश होते. त्या सावकाशीची किंमत बायांच्या कंबरेनं का भरायची? हे मला फार आवडलं. शेतीतल्या सुधारणेची भाषणं ऐकताना मी नेहमी पाहते, सुधारणेत कोण वाकणार आहे याचा उल्लेख त्यात असतो का. आमच्या रोवणीच्या बाया धान कापून झालं की गाड्या भरून तेलंगणात मिरची तोडायला जातात, उरलेल्या इथं भिवापूर-नागभीडच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या पटांगणांवर, मिरच्यांची देठं खुडतात. धानात एकाच पिकाची मजुरी, म्हणून बाकीचं वर्ष तिखटात.

धुऱ्यावर तूर लावणं ही आमची जुनी चाल. मुलानं तीही सोडली नाही आणि कापणीच्या आधी उभ्या धानात लाखोळीचं बी फेकतो, उरलेल्या ओलीवर ती येते. काकूंच्या मते घराला नगद पैसा धानानं दिलाच नाही कधी, दिला तो धुऱ्यानं. तुरीचं पोतं विकायला केंद्र लागत नाही, बाजाराच्या दिवशी डोक्यावर नेलं की संध्याकाळी हातात नोटा.

पाण्याचं सांगायचं तर आमच्याकडे पाऊस भरपूर, पण तो ऐन लोंबीच्या वेळी दडी मारतो. तेव्हा कामाला येतात मामा तलाव. माजी मालगुजारी तलाव हे पूर्ण नाव कोणी घेत नाही; मामाच बरा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी उतार बघून बांधलेले हे तलाव, एकाचं ओसंडलेलं पाणी दुसऱ्यात. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि गाळ काढणं कोणाचं काम हे ठरवण्यात दोन पिढ्या गेल्या. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला झाली. "माझ्या पोराच्या जलमाच्या आधी," असं काकू त्याचं वर्ष सांगतात. पोराला आता पोरं आहेत. त्यांच्या वावराला अजून मामाचंच पाणी.

"आन कुरखेड्याचं सांगितलंच नाई!" काकूंनी एकदम आवाज खाली आणला, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतपत. त्यांची लेक तिकडे दिली आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमधून हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि मग राहिलाच. हत्तीला उभं धान चालतं, कापलेलं चालतं, पण पुंजणं, म्हणजे कापलेल्या धानाची गंजी, रचलेलं असलं तर त्याच्यासाठी ताट वाढलेलंच. "लेकीच्या जावेनं पुंजनं घरामागं रचलं, लोकं म्हने घराजवळ सुरक्षित. तं हत्ती घराजवळ आला. आता नवऱ्याबायकोत भांडन हे, का पुंजनं कोनं रचलं."

इकडे ब्रह्मपुरी भागात वाघ. वाघ धान खात नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याच्यामुळे पिकाचं नुकसान नाही. पण वाघाच्या भीतीनं रात्री कोणी जागलीला जात नाही, आणि मग रानडुकरं निवांत जेवतात. वनखात्याची नुकसानभरपाई मिळते. पण त्यासाठी पंचनामा व्हायला हवा, पंचनाम्याला माणूस यायला हवा, आणि तो दुपारी येतो, कारण त्यालाही वाघाची भीती आहे.

"यंदा नाटक आहे का गावात?" वैनींनी विचारलं. आमच्या या झाडीपट्टीत हा प्रश्न पिकाचा अंदाज म्हणून विचारतात. वडसा हे आमच्या नाटक कंपन्यांचं गाव. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पहाटेपर्यंत नाटक. तिकिटाचे पैसे धानातून येतात. पोरांचं मंडळ कंपनीला आगाऊ रक्कम देतं, पाहुण्यांना जेवणं होतात, साळ्या-मेव्हण्यांच्या सोयरिकी त्या गर्दीत जमतात. चुकारा उशिरा आला की तिकिटं पडून राहतात, मंडळाची पोरं खिशातून भरतात आणि पुढल्या साली 'आम्ही नाही बाबा' म्हणतात.

"आहे ना," काकू म्हणाल्या. "उधारीवर बसवलं म्हने. नायक रोख मागते, खलनायक थांबते म्हनाला."

यावर वैनी इतक्या हसल्या की त्यांच्या घरातून कोणीतरी काय झालं म्हणून बाहेर आलं.

मग काकूंनी हळूच मूळ मुद्दा काढला. मला वाटतं, लग्नापासून हत्तीपर्यंतचा फेरफटका त्यासाठीच होता. "बाई, तुमी तांदूळ कुठून घेता?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. पिशवीतला, एचएमटी.

"कितीनं?"

सांगितला भाव.

"आन ते कुठलं एचएमटी, माहीत आहे? मी सांगतो, पोराकडं चार क्विंटल ठेवला आहे, व्यापाऱ्याले नाई दिला. सावलीत वाळवलेला. वैनीच्याच गिरनीत भरडला, इचारा तिले किती तुकडा पडला."

"कमी पडला," वैनींनी नाइलाजानं साक्ष दिली.

"तुमच्या दुकानदारापक्षा दोन रुपये कमी देतो. शाळेतल्या बाकीच्या बायांलेही सांगा. पन एक आहे, उधार नाई."

मी म्हटलं, शेजारधर्म काही आहे की नाही? आणि दोन रुपयेच का कमी, पाच करा, दुकानदाराचं भाडं, हमाली, काहीच तर नाही तुम्हाला.

"दुकानदारासंगं करता का असा भाव? त्याच्या पिशवीवर छापलं ते मुकाट देता. माझ्या पिशवीवर काई छापलं नाई म्हनून तुमाले बोलता येते." मग जरा विचार करून, "तीन कमी. पन्नास किलो घेसाल तं."

पन्नास किलो ठरले. वैनींनीही पंचवीस सांगितले. गिरणीवालीला तांदूळ विकला, ही बातमी काकू आता होळीपर्यंत पुरवणार. शनिवारी पोरगा आणून टाकेल म्हणाल्या, काटा तुमचा ठेवा, माझ्यावर इस्वास नसंल तं. आणि घरात जाता जाता वळून ओरडल्या, "पोतं वापस द्याचं बरं का बाई! बारदाना मिळत नाई कुठं."